साडूबुवांची पहिली पक्की खरेदी

माझ्या साडूबुवांनी आजवरच्या आयुष्यात एकच वस्तू विकत घेतली. बाकी सगळं त्यांनी नुसतं घरी आणलं, वापरलं, पुसलं, खोक्यात घातलं आणि परत करून आले. अमेरिकेत माल परत घेतात ही गोष्ट आपण सगळेच इथे आल्यावर पहिल्या महिन्यात शिकतो आणि वर्षभर थोडाफार गैरफायदा घेऊन मोकळे होतो. पुढे त्याचा कंटाळा येतो. साडूबुवांना तो कधी आला नाही. टेक्सासमधल्या प्लेनोत त्यांच्या घराच्या आसपासच्या झाडून सगळ्या दुकानांत परतीच्या काउंटरवरची माणसं त्यांना ओळखतात. नुसती ओळखत नाहीत, तर घरच्यांची विचारपूस करतात. त्यांतल्या एकीचं लग्न ठरलं तेव्हा तिने त्यांना आमंत्रण दिलं होतं. साडूबुवा नवा कोट घालून गेले, आहेर म्हणून मिक्सर दिला, आणि निघताना नवरीला बाजूला घेऊन सांगितलं की पावती खोक्यातच आहे, संकोच करू नकोस. सोमवारी कोटही परत गेला.

साडूबुवा म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, इथे एका मोठ्या कंपनीत डेटाबेस सांभाळतात, बोलायला मऊ आणि वागायला इतके सरळ की चारच्या मीटिंगला पावणेचारला जाऊन बसतात. नावं ठेवायला काहीतरी हवं म्हणून देवाने त्यांच्यात ही एकच खोड ठेवली असावी. नव्या शर्टाची किमतीची चिठ्ठी ते कधी कापत नाहीत; ती आत दुमडून, सेफ्टी पिनेने अडकवून ठेवतात. गणपतीच्या आरतीला ते पुढे उभे राहिले आणि टाळ्या वाजवता वाजवता चिठ्ठी कॉलरमधून बाहेर आली, की मागच्या रांगेतल्या बायका आरती म्हणता म्हणता किंमत वाचून घेतात. एकदा, मुलगी अजून कॉलेजला गेली नव्हती तेव्हा, त्यांनी तंबू आणला, तिला घेऊन तळ्याकाठी शनिवार-रविवार राहून आले आणि तो परत करायला गेले. ‘काय बिघडलंय?’ असं काउंटरवर विचारल्यावर, खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी खरं ते सांगितलं, ‘आत झोपल्यावर चांदण्या दिसत नाहीत.’ काउंटरवरच्या माणसाने ते जसंच्या तसं कारणाच्या रकान्यात भरलं. गुलाबाचं एक रोप त्यांनी वर्षभर वाढवून, फुलांनी लगडलेलं असताना, फुलं फोटोतल्यापेक्षा फिकी आहेत म्हणून परत केलं. माझ्या पन्नाशीला त्यांनी मला एक उंची स्वेटर दिला. दोन-अडीच महिन्यांनी त्यांचा फोन आला, ‘साडूभाऊ, स्वेटर आवडला नं? अगदी नक्की? नाही, अजून दोन दिवस आहेत, म्हणून विचारलं.’ त्यानंतर मी तो स्वेटर चांगला तीनदा धुतला, पण अंगात घालताना अजूनही तो आपला आहे असं वाटत नाही.

मी पुण्याचा. मला आधी वाटलं, हा निव्वळ चिक्कूपणा, आणि त्याबद्दल मला काहीसा आदरही वाटत होता. पण साडूबुवा चिक्कू नाहीत. मंडळाला देणगी द्यायची झाली तर ते सगळ्यांच्या आधी हात वर करतात. त्यांचं दुखणं वेगळं होतं, आणि ते मला ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, एका दिवाळीला चिवडा परतता परतता सांगितलं. ‘भाऊजी, यांना पैशाचं काही नाही हो. यांना कायमचं काही घ्यायचीच भीती वाटते.’

झालं होतं असं, की साडूबुवा या देशात आले ते व्हिसावर, आणि मग एकोणीस वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे होते. आमच्यातले बहुतेकजण त्या रांगेत उभे राहिले आहेत. पण उभं राहायच्याही तऱ्हा असतात. आम्ही उभ्या उभ्या घरं घेतली, अंगणात झाडं लावली, भांडणं केली आणि रांगेचं विसरून गेलो. साडूबुवा विसरले नाहीत. नोकरी गेली की दोन महिन्यांत गाशा गुंडाळायचा, हे वाक्य त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकलं आणि ते गाशा गुंडाळूनच बसले. त्यांचं गॅरेज बघण्यासारखं आहे. तिथे गाडी नाही, खोकी आहेत. टीव्हीचं खोकं, टोस्टरचं खोकं, खोक्यांत घालायच्या थर्मोकोलचं खोकं. ताईंनी हट्टाने घेतलेल्या, मालकीच्या घरात त्यांनी एकाही भिंतीला खिळा ठोकू दिला नव्हता, त्यामुळे ताईंच्या आईवडिलांची तसबीर आठ वर्षं जमिनीवर भिंतीला टेकून उभी होती आणि येणारा प्रत्येकजण तिला वाकून नमस्कार करत होता.

नागपूरला साडूबुवांचे वडील एकटे असतात. आई काही वर्षांपूर्वी गेल्या, आणि नेमके तेव्हाच व्हिसाचे कागद कुठेतरी अडकलेले असल्यामुळे साडूबुवांना जाता आलं नाही. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत आणि आपणही विचारू नये. दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडची रविवार सकाळ, ते बाबांना फोन करतात. बाबा ब्याऐंशीच्या घरात, आवाज खणखणीत. पाऊसपाणी, गुडघे, शेजारचे जोशी असं सगळं झालं की फोन ठेवायच्या आधी ते एक प्रश्न ठरलेला विचारतात, ‘मग? परत कधी?’ आणि साडूबुवा ठरलेलं उत्तर देतात, ‘दोन वर्षांत, बाबा.’ हे मी माझ्या कानांनी पंधरा वर्षं ऐकतो आहे.

अखेर एकदाचं ग्रीन कार्ड आलं. ताईंनी पेढे केले. साडूबुवांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, पाकिटात परत घातलं, आणि त्या शनिवारी बाबांनी विचारल्यावर म्हणाले, ‘दोन वर्षांत, बाबा.’ ताई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या चांगल्या शिकलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, ‘कार्ड आलं गं, माणूस अजून आलाच नाही.’ आणि मग त्या रडल्या. राहायचं की जायचं, यांपैकी त्यांना काहीही चाललं असतं. नागपूरला जायला त्या एका पायावर तयार होत्या. त्यांना फक्त कुठेतरी एका ठिकाणी असायचं होतं.

अशा वेळी मध्ये आला तो एक कोयोटी. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा इथला थोरला भाऊ. प्लेनोत घरांच्या मागून जे ओढे जातात, त्यांच्या काठाने ही मंडळी हिंडत असतात आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाहीत. साडूबुवा पहाटे फिरायला जातात. एका पहाटे वाटेवर हा उभा. साडूबुवा थांबले, तोही थांबला. दोघांनी एकमेकांकडे पुष्कळ पाहिलं आणि दोघेही आल्या वाटेने परत गेले. त्यानंतर साडूबुवांनी एक काठी आणली आणि परत केली. कर्णा आणला, तो घरात वाजवून पाहिला, आणि ताईंनी तो स्वतः जाऊन परत केला. डोळे दिपवणारा टॉर्च आणला. त्याने कोयोटीचे डोळे दिपले की नाही कळलं नाही, पण सायकलवरून येणारा एक गृहस्थ झुडपात गेला. शिट्टी मात्र दुकानाने परत घेतली नाही, तोंडाला लावलेली असते म्हणून. हा त्यांच्या कारकिर्दीतला पहिला पराभव, आणि तो त्यांना लागला.

मग एके दिवशी ते माझ्याकडे आले आणि सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाले, ‘साडूभाऊ, मी रिव्हॉल्व्हर घ्यावं म्हणतो. छोटंसं. रोज खिशात ठेवायला.’

मी चहाचा कप खाली ठेवला. हा माणूस डास मारतानाही आधी खिडकी उघडून त्याला एक संधी देतो. ‘कोयोटीला गोळी घालणार?’ मी विचारलं.

‘छे हो! मारायचं कोणाला आहे? जवळ असावं.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आणि खरं सांगू का, यार, बंदूक घेताना जो फॉर्म भरतात, इतकी वर्षं त्यावर एक प्रश्न आहे, व्हिसावर आहात का म्हणून. आपल्याला मिळतच नव्हतं. आता मिळतं.’ हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला हसता येईना. रिव्हॉल्व्हरच का, पिस्तूल का नाही, याचाही त्यांनी अभ्यास केलेला होता. पिस्तुलात सरकपट्टी मागे ओढा, गोळी अडकली तर काढा, भानगडी फार. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांची पाच घरं असतात, उघडलं की पाचही डोळ्यांना दिसतात, भरलंय की रिकामं याबद्दल वाद नाही.

ताईंनी अर्थातच कडाडून विरोध केला. आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. ‘घरात बंदूक? मुळीच चालणार नाही. डोकं फिरलंय का तुमचं?’ साडूबुवा वरणभात कालवत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘तसाही एक प्रॉब्लेम आहेच. परत घेत नाहीत.’

ताईंच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. ‘काय म्हणालात?’

‘बंदुकीचं असंच असतं म्हणे. एकदा दुकानाबाहेर पडली की संपलं. ऑल सेल्स फायनल. एक्स्चेंजसुद्धा नाही.’

ताईंनी नवऱ्याच्या पानात नेहमीच्या दुप्पट तूप वाढलं आणि म्हणाल्या, ‘मग उद्याच्या उद्या घेऊन या.’

उद्याच्या उद्या ते होणार नव्हतंच. साडूबुवांनी आधी वापरायचा रीतसर क्लास केला, घरात ठेवायला कुलपाची पोलादी पेटी आणली, आणि मग दुकानाच्या खेपा सुरू केल्या. दुकान हमरस्त्यालगतचं, मागेच नेमबाजीची बंदिस्त रेंज. काउंटरवर एक उंच बाई असायच्या, पांढऱ्या केसांची जाड वेणी, बोटांत फिरोज्याच्या अंगठ्या. येईल त्याला ‘हनी’ म्हणायच्या. पहिल्याच भेटीत साडूबुवांनी त्यांना विचारलं, ‘ओपन बॉक्स पीस आहे का एखादा? कोणी परत केलेला?’ बाईंनी काउंटरवर दोन्ही कोपर टेकवले आणि म्हणाल्या, ‘हनी, इथून गेलेलं काही परत येत नाही.’ साडूबुवांचा चेहरा पडला. तरीही ते दर शनिवारी जात राहिले. काचेखालचं प्रत्येक छोटं रिव्हॉल्व्हर त्यांनी हातात घेतलं, जड आहे म्हणून ठेवलं, हलकं आहे म्हणून ठेवलं, मूठ लहान म्हणून ठेवलं. बाई प्रत्येक वेळी ते उघडून, पाचही घरं रिकामी दाखवून, मगच हातात देत. त्यांचा धीर सुटला नाही, माझा सुटला. कारण प्रत्येक खेपेला मला सोबत जावं लागे.

ज्या शनिवारी खरेदी झाली त्या दिवशीही मला वाटलं होतं की आपण रिकाम्या हाताने येणार. पण साडूबुवा सरळ जाऊन एका काळ्या, चपट्या, आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरपाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘हे.’ बाईंनी फॉर्म पुढे केला. व्हिसाचा प्रश्न आला तसे साडूबुवा खुर्चीत ताठ बसले, चष्मा पुसला, आणि ‘नाही’च्या चौकटीत अशी खूण केली की कागद फाटतो की काय असं मला वाटलं. ग्रीन कार्ड त्यांनी स्वतःहून काढून ठेवलं. बाईंनी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात फोनवर माहिती कळवली. आम्ही भिंतीवरची हरणांची डोकी बघत बसलो. दहा मिनिटांत बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘यू आर ऑल गुड, हनी.’

साडूबुवांना ते पटेचना. ‘झालं? इतक्यात? ते म्हणाले मी चांगला आहे?’ मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘साडूभाऊ, ग्रीन कार्डवाल्यांना एकोणीस वर्षं लागली हो हेच ठरवायला! यांना दहा मिनिटं?’ त्यांनी बाईंना पुन्हा एकदा तपासायची विनंती केली. बाई म्हणाल्या, अशी विनंती आजवर कोणी केलेली नाही.

मग शेवटची सही आली, आणि तिथे साडूबुवांचा पेन थांबला. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ही विक्री अंतिम आहे. ते ‘एक मिनिट’ म्हणाले आणि बाहेर गेले. काचेतून मला दिसत होतं, ते उन्हात पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी ताईंना फोन लावला. त्या वेळी काय बोलणं झालं ते ताईंनी नंतर सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं, नंतर नको वाटलं तर?’ ताई म्हणाल्या, ‘तर नको वाटलेलं घरात राहील. माझ्याही बाबतीत तुम्हाला कधीतरी वाटलं असेलच नं? राहिलेच नं मी?’ आणि फोन ठेवला. साडूबुवा आत आले आणि सही केली.

त्यानंतरचे दोन आठवडे ते रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगायचं कसं याच्या प्रयोगांत गेले. त्यासाठी लागणारी म्यानं मात्र दुकानं परत घेतात, हे कळल्यावर साडूबुवांच्या जिवात जीव आला. एकामागून एक म्यानं घरी येऊ लागली आणि परत जाऊ लागली. इंटरनेटवर त्या विषयातले जे गोरे तज्ज्ञ आहेत ते गाडीत बसून दाखवतात, जिना चढून दाखवतात, पण त्यांतल्या एकानेही मांडी घालून दाखवलेली नाही. साडूबुवांनी हॉलमध्ये सतरंजी अंथरली, ताईंना पान वाढायला लावलं, रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं असल्याची खात्री मला आणि ताईंना करायला लावली, आणि कमरेला अडकवून पंगतीला बसावं तसे बसले. एक म्यान बरगडीत रुतलं. एक पाठीमागचं; त्यामुळे आमटी भुरकायला पुढे वाकलं की शर्ट वर आणि दस्ता बाहेर. पोटापुढचं एक होतं, ते वाटीभर बासुंदीनंतर बाद झालं. लेंग्यावर बांधून पाहिलं, तर उठताना नाडीने साथ सोडली, आणि सासऱ्यांच्या तसबिरीसमोर जे व्हायला नको ते झालं. ताई इतक्या हसल्या की त्यांना जमिनीवर बसावं लागलं. त्या घरात असं हसू मी फार वर्षांनी ऐकलं. शेवटी पॅन्टच्या पुढच्या खिशात बसणारं साधं चामड्याचं म्यान पसंत पडलं. ते घालून त्यांनी मांडी घातली, साष्टांग नमस्कार घातला, फुगडीची एक गिरकीही घेतली, आणि जागचं काही हललं नाही.

आता उरलं होतं चालवून बघणं. रेंजवर आम्ही तिघं गेलो, कारण ताई म्हणाल्या, ‘हे मला बघायचंच आहे.’ कानांवर कप, डोळ्यांवर चष्मे. त्याच वेणीवाल्या बाई त्या दिवशी रेंजवर देखरेखीला होत्या. साडूबुवांनी पेटी उघडली, रिव्हॉल्व्हर नीट, नळी पुढे ठेवून, टेबलावर मांडलं, आणि बाई खाली वाकून बघू लागल्या. ट्रिगरभोवतीच्या कड्याला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी तशीच होती. साडूबुवांनी ती बारीक घडी करून, रबरबँडने, अगदी व्यवस्थित दस्त्याला लपेटली होती.

‘हनी, हे काय?’

साडूबुवा लाल झाले. ‘असू दे. मी सांभाळून चालवीन.’

‘नो सर. बोटापाशी दोरा लोंबत असताना माझ्या रेंजवर एकही गोळी सुटणार नाही.’ आणि बाईंनी खिशातून कात्री काढून त्यांच्यापुढे ठेवली.

परत करता येणार नाही हे साडूबुवांना पक्कं ठाऊक होतं. सही करून दोन आठवडे झाले होते. तरी कात्री हातात घेऊन तो माणूस उभाच राहिला. शेजारच्या गाळ्यांतून धाडधाड बार निघत होते, आणि आमच्या गाळ्यात मात्र मंगलाष्टकं संपायची वाट बघावी तसे आम्ही तिघं स्तब्ध. मी काहीतरी थट्टा करणार होतो, पण ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या नवऱ्याच्या बोटांकडे बघत होत्या. साडूबुवांनी एकदा मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग रबरबँड काढला, घडी उलगडली, आणि कच्कन दोरा कापला. ताईंनी टाळ्या वाजवल्या. बाईंना काय झालं ते कळलं नसावं, पण त्यांनीही वाजवल्या.

पहिली गोळी कुठे गेली ते आजवर कोणाला कळलेलं नाही. छोटं आणि हलकं रिव्हॉल्व्हर मोठ्यापेक्षा जास्त उसळतं, हे साडूबुवांनी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. त्यांचा हात कपाळापर्यंत वर गेला आणि तोंडातून ‘अगाई गं!’ असे शुद्ध नागपुरी उद्गार निघाले. दुसरी गोळी कागदाच्या कोपऱ्याला लागली. बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘घाई करू नकोस. याचा ट्रिगर लांबलचक आहे. ओढत राहा, ओढत राहा, कधी सुटेल याचा विचारच करायचा नाही.’ झालं! आमच्या साडूबुवांना हे सांगायची गरज होती का? कधी सुटेल याचा विचार न करता शांतपणे वाट बघण्यात एकोणीस वर्षं मुरलेला माणूस तो. त्यांनी खांदे सैल सोडले आणि ट्रिगर ओढायला लागले, असे सावकाश की मला वाटलं, यांचा डोळा लागला. तिसरी गोळी मधल्या वर्तुळात. चौथी तिच्या शेजारी. पाचवी त्या दोघींच्या मध्ये.

मग त्यांनी पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं केलं, आणि तासाभरात त्या कागदाच्या मधोमध लिंबाएवढं भोक पाडलं. शेजारच्या गाळ्यांतली धिप्पाड माणसं, मोठमोठी पिस्तुलं घेऊन आलेली, खेळ थांबवून बघायला आली. एकाने विचारलं, कुठे शिकलास? साडूबुवा म्हणाले, ‘इमिग्रेशन.’ बाईंनी तो कागद उतरवला, भिंतीला टेकवला आणि स्वतःच्या फोनवर त्याचा फोटो काढला. इतका छाती पुढे काढून चालणारा साडूबुवा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पार्किंगमध्ये ते ताईंचा हात धरून चालत होते, आणि मला सांगायला हरकत नाही, मला माझ्या साडूचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

घरी पोचलो तेव्हा नागपूरला रविवार उजाडला होता. साडूबुवांनी व्हिडिओ लावला. आधी तो भोक पडलेला कागद दाखवला, मग रिकामं रिव्हॉल्व्हर उघडून दाखवलं. बाबा स्क्रीनच्या इतके जवळ आले की आम्हाला फक्त त्यांची एक भुवई दिसत होती. ‘लायसन दिलं तुला? कोणाच्या ओळखीशिवाय?’ ते पुन्हा पुन्हा विचारत होते. ‘अरे, तुझ्या आजोबांनी काटोलच्या संत्र्याच्या बागेसाठी अर्ज केला होता, रानडुकरांचा त्रास होता म्हणून. शेवटपर्यंत उत्तर आलं नाही. आपल्या घराण्यात तू पहिला!’ ते हसत होते आणि खोकत होते. मग पाऊसपाणी झालं, गुडघे झाले, शेजारचे जोशी झाले. आणि शेवटी ठरल्याप्रमाणे, ‘मग? परत कधी?’

साडूबुवांनी रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवून कुलूप लावलं. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘बाबा,’ साडूबुवा म्हणाले, ‘मी भेटायला येईन. डिसेंबरमध्येच येतो. पण राहायला आता नाही येणार. आम्ही इथेच राहणार.’

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘बरं झालं सांगितलंस,’ ते म्हणाले. ‘मग मीही सांगून टाकतो. तुझी खोली मी भाड्याने दिली. झाली तीन-चार वर्षं. मेडिकलच्या दोन मुली आहेत, चांगल्या आहेत बिचाऱ्या. तू येशील तेव्हा खाली हॉलमध्ये झोपावं लागेल.’

‘पण मग तुम्ही दर आठवड्याला विचारत होतात ते?’

‘ते काहून थांबवायचं?’ बाबा म्हणाले. ‘आपल्याला कोणी बोलावतंय, असं तुला वाटायला नको का, तिकडे?’

ताई पुढे आल्या आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी कागदावरच्या भोकाकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघवेना. तिकडे बाबांच्या मागून कोणीतरी कपबशी आणून ठेवली, आणि तो हात निघून गेला.

‘चहा त्याच करतात का?’ साडूबुवांनी शेवटी विचारलं.

‘सकाळ-संध्याकाळ.’

‘आलं घालतात?’

‘घालतात रे. ठेचून घालतात. तुझी आई किसून घालायची.’

‘हो, किसून,’ साडूबुवा म्हणाले, आणि मग बाबांचा चहा पिऊन होईपर्यंत कोणीच फोन ठेवला नाही.